काही न बदलताही वर्ड 'सेव्ह करू का?' असे का विचारतो?

बारामती : बारामती आणि इंदापूरच्या तहसील कचेऱ्यांसाठी अर्ज टाइप करून देणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा. जुना अर्ज केवळ पाहण्यासाठी उघडला, एक अक्षरही बदलले नाही, तरी बंद करताना 'वर्ड' विचारतो, 'बदल सेव्ह करायचे का?'

हा बहुधा बिघाड नसून इशारा असतो. अर्जात आपोआप बदलणारी तारीख घातली असल्यास फाइल उघडताच तेथे आजची तारीख येते. 'सेव्ह' करा वा नका करू, पुढच्या वेळी पुन्हा तेच घडते. मुदतीत केलेल्या अपिलाची प्रत महिन्याने छापली, तर तीवर भलतीच तारीख उमटू शकते. यावर उपाय सोपा आहे. पोचेवरून मूळ तारीख पाहून ती हाताने टाइप करावी. नवा अर्ज करताना तारीख निवडून कंट्रोल, शिफ्ट व एफ-९ या कळा एकत्र दाबाव्यात. तारीख कायम होते.

प्रश्न 'नॉर्मल' टेम्प्लेटविषयी असेल, तर मात्र सावध राहावे. मार्च १९९९ मध्ये पसरलेल्या 'मेलिसा' विषाणूने याच टेम्प्लेटमध्ये शिरकाव केला होता. अनेकदा दोष एखाद्या जोड-प्रोग्रामचा असतो. कंट्रोल कळ दाबून धरून वर्ड सुरू करावा. सेफ मोडमध्ये प्रश्न थांबल्यास ॲड-इन्स एकेक बंद करून दोषी शोधावा. कारण न शोधता सूचनाच बंद करणे धोक्याचे ठरते.