खडिनातला गहू

जैसलमेर हा थरच्या वाळवंटातला जिल्हा. २०११च्या जनगणनेत इथे दर चौरस किलोमीटरला अवघी १७ माणसे होती, महाराष्ट्रात ३६५. वर्षाचा पाऊस जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर. तरीही इथे गहू पिकतो, आणि मला या प्रदेशाचे खरे मोठेपण त्यातच दिसते.

ही किमया खडिनाची. खडकाळ उतारावरून वाहत येणारे पाणी खालच्या सखल जमिनीत लांबलचक मातीचा बांध घालून अडवतात. पाणी जिरते, गाळ साचतो आणि मागे राहिलेल्या ओलीवर रब्बीत गहू, हरभरा येतो. पालीवाल ब्राह्मणांनी शतकांपूर्वी रुजवलेली ही पद्धत आजही चालते.

अन्न झाडावरूनही मिळते. इथली खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिच्या कोवळ्या शेंगा, सांगरी, वाळवून वर्षभर भाजीला वापरतात.

गाणेही असेच जपलेले. मांगणियार हे इथले पिढीजात गायक मुसलमान, त्यांचे यजमान बहुतेक हिंदू राजपूत. यजमानांच्या घरच्या जन्म-लग्नाला पिढ्यान्‌पिढ्या हेच कमायचा हे तंतुवाद्य घेऊन गातात.

पाऊस मात्र लहरी. ऑगस्ट २००६मध्ये शेजारच्या बाडमेरला पूर आला. तिथल्या कवास गावात जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी मुरेना. गाव कित्येक दिवस पाण्यात राहिले.