जागा घरचीच आहे, मग भाडं कशाला धरायचं?

प्रत्येक बॅचमध्ये हिशोबाच्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, जागा घरचीच आहे, त्यामुळे भाड्याचा खर्च नाही." पूर्वी मी ऐकून पुढे जायचो. आता तिथेच थांबतो आणि फळा पुसायला घेतो.

गेल्या जूनमधल्या बॅचमध्ये फरसाण करणाऱ्या एक ताई होत्या. चकली, चिवडा, शेव. रस्त्यालगत स्वतःचा गाळा, पुढे काउंटर, मागे भट्टी. वही एकदम चोख. महिन्याची विक्री ६२,००० रुपये. बेसन, भाजणी, तेल, गॅस, पॅकिंग आणि मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार धरून खर्च ४४,०००. उरले १८,०००. ताई खुशीत होत्या, आणि का नसाव्यात?

मी दोनच प्रश्न विचारले. गाळा भाड्याने दिला तर किती येतील? "शेजारचा मेडिकलवाला आठ हजार द्यायला तयार आहे." आणि हा व्यवसाय नसता तर तुम्ही काय करत असता? "मी आधी पतसंस्थेत क्लार्क होते ना. अजून बोलावतात. चौदा हजार देतील."

आठ आणि चौदा, बावीस. म्हणजे महिन्याला अठरा हजार मिळवण्यासाठी ताई बावीस हजार सोडत होत्या. वहीत नफा दिसतोय, पण हातची संधी धरली तर चार हजारांची खोट. वर्गात एकदम शांतता.

एक गोष्ट निवडताना जो दुसरा सगळ्यात चांगला पर्याय आपण सोडून देतो, त्याची किंमत म्हणजे ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला संधी खर्च म्हणतात. याची पावती कुणी फाडत नाही, त्यामुळे वहीत तो कधी येतच नाही. कमवणारा म्हणतो खर्च शून्य, आणि गाळा बिचारा फुकट राबतो!

इथे लोक दोन चुका करतात. त्याच दिवशी मागून एक दादा म्हणाले, "सर, ताई शाळेतही नोकरी करू शकल्या असत्या, ते दहा हजार पण धरा." नाही धरायचे. गाळ्याचं भाडं आणि पतसंस्थेचा पगार एकाच वेळी मिळू शकतात, म्हणून त्यांची बेरीज केली. पण एका माणसाला दिवसभर दोन ठिकाणी बसता येत नाही. दोन नोकऱ्यांपैकी चांगली तेवढीच धरायची. दुसरी चूक ताईंचीच. "पण भट्टीला तीन वर्षांपूर्वी चाळीस हजार घातलेत, ते वाया जातील." अहो ताई, ते गेलेच. धंदा चालू ठेवला तरी गेले, बंद केला तरी गेले. आज भट्टी विकली तर काय येईल, तेवढाच आकडा कामाचा.

मग धंदा बंद करायचा का? मी असं मुळीच म्हणालो नाही. ताई म्हणाल्या, "सर, मुलगी चारला शाळेतून येते तेव्हा मी समोर असते." याचं मोल मी फळ्यावर कसं लिहिणार? ते चार हजारांपेक्षा जास्त आहे असं त्यांना वाटत असेल तर निर्णय बरोबरच आहे. फक्त तो माहीत असून घेतलेला असावा. यालाच ट्रेड-ऑफ म्हणतात, एक हवं तर दुसरं थोडं सोडायचं.

आणि धंदा आहे तेवढाच राहील असं कुणी सांगितलं? इथे मी नेहमी लिज्जत पापडाची गोष्ट सांगतो. १५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. मग पावसाळा आला. पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये.

पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत पापड वाळतायत. आता हिशोब बघा. ते पैसे वाटूनही घेता आले असते, प्रत्येकीच्या घरात गरज होतीच. ते सोडलं, हा झाला संधी खर्च. मिळालं काय? हात तेच, पण काम आठ महिन्यांऐवजी बारा महिने. म्हणजे करता येण्याजोगं काम दीडपट! अर्थशास्त्रात ज्याला वाढ म्हणतात ती हीच, जास्त घाम गाळून नव्हे तर क्षमता वाढवून आलेली.

देशालाही हे चुकत नाही. त्याच काळात, १९५६ ते १९६१ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, सरकारने जड उद्योगांवर भर दिला. भिलाई, राउरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने त्यातले. पोलादात घातलेला रुपया शेतीत किंवा कापडात घालता आला नाही. ते योग्य होतं का, यावर अर्थतज्ज्ञ आजही वाद घालतात. आपण आपल्या गाळ्याकडे येऊ.

ताईंनी घरी जाऊन पंधरा दिवस काउंटरची विक्री वेगळी लिहिली. महिन्याला जेमतेम दहा हजारांची निघाली, त्यातून सुटणारे तीन हजार. बाकी सगळा माल किराणा दुकानांत आणि ऑर्डरीवर जात होता. म्हणजे गाळ्याचा पुढचा अर्धा भाग तीन हजारांसाठी अडलेला. मेडिकलवाल्याला अख्खा गाळा हवा होता, म्हणून तो विषय संपला. पण एका मोबाईल रिपेअरिंगवाल्याने पुढच्या भागाचे साडेचार हजार देऊ केले. भट्टी मागेच राहिली. त्या भाड्यातून चकलीच्या मशीनचा हप्ता जातो.

मशीन गणपतीच्या आधी आलं. आदल्या दिवाळीत हात कमी पडले म्हणून तीन दुकानदारांना त्यांना नाही म्हणावं लागलं होतं. ताईंनी पहिले फोन त्यांनाच केले. दोघांनी ऑर्डर दिली. तिसरा म्हणाला, "आधी सँपल पाठवा."