एक बिट बदलताना बाकीचे सात सांभाळा

मागच्या वेळी आपण आय-टू-सी बसवरून सेन्सरशी बोलायचं कसं, ते पाहिलं. आजचा विषय त्याहून लहान आहे. आठ बिट्सच्या रजिस्टरमधले दोन-तीन बिट्स बदलायचे आणि बाकीच्यांना धक्का लावायचा नाही, एवढाच. ऐकायला सोपं वाटतं. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

आधी कोलशेतची गोष्ट सांगतो. खाडीकडच्या एका सोसायटीच्या मीटर रूममध्ये आम्ही बीएमई२८० हा बॉशचा सेन्सर बसवला होता. तो तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता मोजतो. आर्द्रता ठरावीक मर्यादेपुढे गेली की सेक्रेटरींच्या फोनवर इशारा जायचा, कारण वीज पॅनेलला ओल म्हणजे थेट धोका. जुलैत पाऊस लागून राहिला, पण इशारा काही आला नाही. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, भिंतीला हात लावून बघा, पाणी सुटलंय. तुमचा आकडा मात्र जागचा हलत नाही." आम्ही बॉक्सची वीज बंद करून परत चालू केली, तर सगळं ठीक! मग बिघडलं होतं काय? चूक आमचीच होती. ती कळायला तीन पायऱ्या चढाव्या लागतील.

पहिली पायरी : मास्क. या सेन्सरचं एफ४ क्रमांकाचं रजिस्टर घ्या. वरचे तीन बिट्स तापमानाचे, मधले तीन दाबाचे, शेवटचे दोन मोडचे. समजा आत्ता त्यात ००१ ००१ ११ आहे, म्हणजे तापमान एकपट, दाब एकपट आणि मोड नॉर्मल. आपल्याला तापमानाचं नमुनीकरण दुप्पट, म्हणजे ०१० करायचंय. बसवरून एकच बिट पाठवता येत नाही, अख्खा बाइटच लिहावा लागतो. म्हणून जुनी किंमत वाचायची, वरचे तीन बिट्स मास्कने पुसायचे (०००००१११ उरतं), त्यात नवी किंमत मिसळायची (०१०००१११ होतं) आणि परत लिहायची.

इथे घाईत पुसायची पायरी राहते. बघा, ०१० वरून परत ००१ वर यायचंय आणि आपण न पुसता नुसतं 'ऑर' केलं, तर मिळतं ०११. या सेन्सरमध्ये ०११ म्हणजे चौपट! एकपट मागितलं, चौपट झालं, आणि एररसुद्धा नाही, कारण ती किंमत वैध आहे. अशा चुका सापडायला वेळ लागतो.

दुसरी पायरी : लॉक. वाचणं, बदलणं, लिहिणं या तीन कृती आहेत. समजा एक थ्रेड तापमानाचे बिट्स बदलतोय, दुसरा मोडचे. दोघांनी जुनी किंमत वाचली. पहिल्याने लिहिलं. मग दुसऱ्याने आपल्याजवळच्या जुन्या प्रतीत बदल करून लिहिलं. पहिल्याचा बदल गेला. एकाच वहीची झेरॉक्स दोघांनी नेली, दुरुस्त्या केल्या, आणि शेवटी आलेल्याची प्रत कपाटात गेली, असला प्रकार.

"पण बसला स्वतःचं लॉक असतं ना?" असा प्रश्न येतो. असतं, पण ते एका देवाणघेवाणीपुरतं. आपलं लॉक वाचण्याच्या आधी लागलं पाहिजे आणि लिहून झाल्यावरच सुटलं पाहिजे. शिवाय आय-टू-सीचा व्यवहार चालू असताना थ्रेड झोपू शकतो, म्हणून तिथे म्युटेक्स लागतं, स्पिनलॉक चालत नाही. लिनक्समध्ये हे दर ड्रायव्हरने पुन्हा लिहू नये म्हणून २०११ साली, ३.१ या आवृत्तीत, रेगमॅप आलं. त्यातलं 'रेगमॅप अपडेट बिट्स' हे फंक्शन लॉक लावतं, वाचतं, मास्क वापरतं आणि किंमत बदललेली असेल तरच लिहितं.

'बदललेली असेल तरच.' आमची गाडी नेमकी इथेच अडकली होती.

तिसरी पायरी : रजिस्टरचा स्वभाव. बीएमई२८०मध्ये आर्द्रतेची सेटिंग एफ२ या वेगळ्या रजिस्टरमध्ये असते. डेटाशीट स्पष्ट सांगते, की एफ२मधला बदल एफ४मध्ये लिहिल्यानंतरच लागू होतो. आमच्या बॉक्सवर आधी एक चाचणी प्रोग्राम चालला होता. त्याने तापमान आणि दाब चालू केले होते, आर्द्रता बंद ठेवली होती. मग आमचा ड्रायव्हर आला. त्याने एफ२ बदललं. एफ४मध्ये हवी ती किंमत आधीपासूनच होती, त्यामुळे अपडेट फंक्शनने लिहायचं टाळलं. सेन्सरला आर्द्रतेचा निरोप पोचलाच नाही. मोजमाप बंद असताना तो कच्चा आकडा म्हणून ३२७६८ देतो. आम्ही तो न तपासता सूत्रात घातला आणि पटण्यासारखी टक्केवारी दाखवत बसलो. वीज बंद-चालू केली की एफ४ शून्यावर जातं, किंमत वेगळी ठरते, लिहिलं जातं. म्हणून तेव्हा सगळं ठीक!

उपाय एका ओळीचा. एफ४साठी 'रेगमॅप राइट बिट्स' वापरायचं. ते किंमत तीच असली तरी लिहितं. लिनक्सचा मूळ ड्रायव्हरही तसंच करतो. सोबत ३२७६८ दिसलं तर टक्केवारी न दाखवता एरर द्यायची, हे आम्ही जोडलं.

असे स्वभाव आणखी असतात. काही स्टेटस रजिस्टरांत '१' लिहिलं की तो बिट पुसला जातो. तिथे वाचून परत लिहिलंत, तर न हाताळलेले इंटरप्टही पुसले जातील. काही बिट्स नुसतं वाचल्यावरच पुसले जातात. काही बिट्स हार्डवेअर स्वतः बदलतं. बीएमई२८०चा फोर्स्ड मोड एक मोजमाप झालं की आपोआप स्लीपवर येतो. अशा रजिस्टरची कॅशमधली जुनी प्रत परत लिहिली, तर नको असताना मोजमाप सुरू होईल. म्हणून ते व्होलाटाइल म्हणून नोंदवायचं.

तेव्हा बिट बदलण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. बाकीचे बिट्स कोणाचे? माझ्यासोबत आणखी कोण लिहितंय? हे रजिस्टर वाचल्या-लिहिल्याने आणखी काय होतं? आणि किंमत तीच असली तरी लिहिणं गरजेचं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लायब्ररी देते. उरलेल्या दोघांसाठी डेटाशीटच वाचावी लागते.

वॉचमनकाका अजून भिंतीला हात लावून बघतात. आम्ही त्यांना थांबवलेलं नाही.