पेटी की गादा?

कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटच्या बाजूला, भवानी दत्त लेनमध्ये ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ नावाची जुनी खाणावळ आहे. अशा खाणावळींना तिथे ‘पाइस हॉटेल’ म्हणतात, कारण एकेकाळी पैशांच्या हिशेबात तिथे पोटभर जेवण मिळे. भात, डाळ, भाजी, मासा, सगळ्याचे पैसे निराळे. अनेक ठिकाणी केळीचं पानही बिलात धरतात. वाढपी त्या दिवशीचे मासे एका दमात सांगतो: रुई, कातला, पाबदा, पार्शे, ट्यांगरा, चिंगडी (कोळंबी). हिंदी शहरात बहुतेक सगळीकडे चालते, पण ही नावं ओळखणाऱ्याचंच जेवण खरं रंगतं.

मोठा मासा मागितला की प्रश्न येतो: पेटी की गादा? पेटी म्हणजे पोटाकडचा चरबीदार तुकडा, गादा म्हणजे पाठीकडचा, बारीक काट्यांनी भरलेला. काटे सोडवायची सवय नसेल तर पेटीच मागावी.

जेवणालाही क्रम आहे. दुपारी सुरुवात कडसर शुक्तोने होते: कारलं, कच्चं केळं, शेवगा, वांगं, डाळीच्या वड्या आणि थोडं दूध. मग डाळीबरोबर ‘भाजा’, म्हणजे तळलेलं काही. मग भाजी, मासा, मटण. शेवटी आंबटगोड चटणी आणि मिष्टी दोई. एकेक पदार्थ भाताबरोबर वेगळा खायचा. सगळं ताट एकदम वाढून घेणाऱ्या मराठी माणसाला हे संथ वाटेल, पण शुक्तोनंतर मोहरीतल्या इलिश माशाचा झणका फार निराळा लागतो. तेव्हा ‘आर एकटू दिन’, आणखी थोडं द्या, एवढं पाठ असावंच. ‘दिन’ हे आदराचं रूप. अनोळखी माणसाला ‘दाओ’ म्हणणं सलगीचं होतं. वाढप्याला ‘दादा’ आणि घरच्या वडीलधाऱ्या बाईंना ‘माशीमा’ म्हणावं.

घरी जेवायला गेलं तर ‘देशेर बाडी कोथाय?’, मूळ गाव कोणतं, ही विचारणा होतेच. पाहुण्याने तीच उलट करावी. उत्तरात ढाका किंवा बरिशाल आलं, तर समोरचं घर ‘बांगाल’, पूर्व बंगालातून आलेलं. मूळचे पश्चिमेकडचे ते ‘घोटी’. घोटी कालवणात साखरेची चिमूट, बांगाल कालवण तिखट, हा वाद दोन्हीकडे हौसेने चालतो. फुटबॉलमध्ये बांगालांचा ईस्ट बंगाल जिंकला की इलिश, घोटींचा मोहन बागान जिंकला की चिंगडी! १९४७च्या फाळणीत बांगालांची घरं सुटली, पण आजीच्या हातची चव चुलीबरोबर सीमेपार आली. मूळ गावाच्या त्या एका प्रश्नावर अशा आठवणी मोकळ्या होतात, आणि त्या ऐकाव्यात म्हणूनच तो शिकावा.

रस्त्यावरच्या फुचकावाल्याकडे, म्हणजे पाणीपुरीवाल्याकडे, मात्र तीनच शब्द पुरतात. तिखट कमी हवं तर ‘झाल कोम’. आणि शेवटी फुकट मिळणाऱ्या पुरीसाठी ‘फाउ’. मुंबईत पाणीपुरीनंतर सुकी पुरी मागतात तितक्याच हक्काने ती मागायची.