टॅक्रोची लेव्हल

सकाळी साडेआठला लॅबच्या बाहेरच्या बाकांवर आमची माणसं ओळखू येतात. तोंडावर मास्क, मांडीवर डबा, आणि शर्टाच्या खिशात गोळ्यांची एक छोटी डबी, अजून न उघडलेली. मी साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने पुण्याला येतो. कुणी बार्शीहून आलेलं असतं, कुणी संगमनेरहून. सगळ्यांच्या पोटात आधीच्या दोन बिनकामाच्या आणि एक कामाची अशा तीन किडन्या. हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण जुन्या किडन्या बहुतेक वेळा काढतच नाहीत. नवी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. माझी उजवीकडे आहे. ती आईची.

आत गेल्यावर रक्त घेणाऱ्या ताई नाव नंतर विचारतात. आधी प्रश्न एकच, "दादा, सकाळची गोळी घेतली नाही ना?" पहिल्या वर्षी एकदा मी सवयीने एसटीतच गोळी गिळली होती. ताईंनी सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मग उद्या या." गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत औषध रक्तात उसळी मारतं आणि मग हळूहळू ओसरतं. डॉक्टरांना हवी असते ती ओसरलेली पातळी, म्हणजे रात्री नऊच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी उरलेली. त्या दिवशी स्वारगेटला परतीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो तेव्हापासून गोळ्यांची डबी खिशात नाही, पिशवीच्या तळाशी ठेवतो.

नळीचं टोपण जांभळं असतं. ताई ती भरली की हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करतात, रक्त गोठू नये म्हणून. बाकीच्या बऱ्याच तपासण्यांना रक्तातलं वरचं पाणी वेगळं काढतात. टॅक्रोलिमसचं, म्हणजे आमच्या या गोळीतल्या औषधाचं, तसं चालत नाही, कारण ते बहुतांश तांबड्या पेशींतच दडून बसतं. म्हणून अख्खं रक्त लागतं. सुई निघाली, कापूस दाबला, की बाकावर येऊन सगळे आपापल्या डब्या उघडतात. नऊच्या सुमाराला एका रांगेत सात-आठ अनोळखी माणसं एकाच वेळी पाण्याची बाटली तोंडाला लावतात. डबा मात्र तासाभराने. टॅक्रो रिकाम्या पोटी, स्टिरॉइड नाश्त्यानंतर, असं ते वेळापत्रक.

संध्याकाळी मोबाइलवर आकडा येतो. माझा साधारण सहा-सातच्या घरात असावा लागतो, आणि हे सहा-सात म्हणजे नॅनोग्रॅम. रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये ग्रॅमचे सात अब्जांश. एवढ्याशा औषधावर आईची किडनी टिकून आहे.

ते नेमकं करतं काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. "प्रतिकारशक्ती कमी करतं" एवढंच सगळे सांगायचे. मी पंचायत समितीत लिपिक आहे. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं, तेव्हा लक्षात आलं की हे तर आपल्या ऑफिससारखं आहे.

सहाव्या गुणसूत्रावर काही जनुकं अशी असतात की त्यांच्यावरून पेशीच्या अंगावरच्या ओळखीच्या खुणा ठरतात. आईकडे त्यांचे दोन संच, एक तिच्या आईचा, एक तिच्या वडिलांचा. त्यातला एक मला मिळाला. दुसरा माझ्या शरीराला पूर्ण परका. म्हणजे आईची किडनी असली तरी माझ्या रक्तातल्या टी पेशींच्या लेखी ती निम्मी आगंतुक. टी पेशीला ती परकी खूण दिसली की आत कॅल्शियम वाढतं आणि कॅल्सिन्यूरिन नावाचं विकर जागं होतं. याला मी टेबलावरचा कारकून म्हणतो. पेशीत एनफॅट नावाचं एक प्रथिन फॉस्फेटच्या टाचण्या टोचलेल्या फाइलसारखं पडून असतं. कॅल्सिन्यूरिन त्या टाचण्या काढतो, मग फाइल साहेबांच्या केबिनमध्ये, म्हणजे पेशीच्या केंद्रकात जाते, आणि तिथून इंटरल्यूकिन-२ बनवण्याचा हुकूम सुटतो. हुकूम सुटला की टी पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत किडनीकडे निघतात.

टॅक्रोलिमस फाइलला हात लावत नाही. ते पेशीत शिरून एफकेबीपी-१२ नावाच्या एका छोट्या प्रथिनाला सोबत घेतं आणि ही जोडी थेट कारकुनाच्या टेबलावर जाऊन बसते. कारकुनाला टाचणीपर्यंत हातच नेता येत नाही. तक्रार दाखल आहे, फाइल तयार आहे, पण पुढे सरकत नाही. तक्रार निकाली निघालेली नाही, हे महत्त्वाचं. जोडी टेबलावरून उठली की काम पुन्हा सुरू. म्हणून दर बारा तासांनी गोळी, आणि ती किडनी चालेल तोपर्यंत.

दुसरी गोळी मायकोफेनोलेट. एखादा हुकूम सुटलाच, तर पेशीला विभागायला डीएनएचा नवा माल लागतो. शरीरातल्या बाकी बऱ्याच पेशी तो जुन्या भंगारातून मिळवू शकतात, लिम्फोसाइटला मात्र ताजाच बनवावा लागतो. मायकोफेनोलेट नेमका तो ताजा पुरवठा अडवतं. तिसरं स्टिरॉइड. त्याने चेहरा फुगतो, साखर वाढते, आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा पेशंट मला अजून भेटलेला नाही.

ही औषधं नव्हती तेव्हा काय व्हायचं? २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती एका जुळ्याची त्याच्या हुबेहूब जुळ्या भावाला. टी पेशींना तक्रार करायला जागाच नव्हती. ज्यांना जुळं भावंड नाही त्यांना पुढे ॲझाथायोप्रीन आणि स्टिरॉइडवर दिवस काढावे लागले, आणि अनेकांची किडनी वर्षभरही टिकत नसे. खरा फरक पडला तो सायक्लोस्पोरिनने, आणि ते निघालं नॉर्वेच्या हार्दांगरविद्दा पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून. स्विस कंपनी सॅन्डोझची माणसं सुट्टीवर गेली की मातीचे नमुने आणत, त्यातलाच तो एक. रॉय कॅल्न यांनी केंब्रिजमध्ये १९७८ साली ते माणसांना दिलं. टॅक्रोलिमसही मातीतलंच, १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं. नावातला पहिला 'ट' त्सुकुबाचा. आणि काहींना टॅक्रोऐवजी देतात ते सिरोलिमस थेट ईस्टर बेटावरच्या मातीतून आलं. ते वेगळं काढणारे शास्त्रज्ञ होते सुरेन सेहगल. वडिलांना हे सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. शेतकऱ्याला मातीचं काय सांगणार.

आता त्या आकड्याकडे येतो. त्याच्या जोडीला दुसरा एक आकडा असतो, क्रिएटिनिनचा. किडनी कशी चालली आहे हे त्यावरून कळतं. माझं १.२. ते दोनदा चढलं, आणि दोन्ही वेळा कारण बरोबर उलटं होतं.

पहिल्यांदा चौथ्या महिन्यात. चुलतभावाच्या लग्नाला जायचं नव्हतं, तरी गेलो, आणि गडबडीत तीन रात्री गोळी राहिली. चौथ्या दिवशी आठवलं तेव्हा मी स्वतःला सांगितलं, एवढ्याने काय होतंय. काही दुखलं नाही, लघवी नीट होत होती, भूक होती. रिजेक्शनला, म्हणजे शरीर किडनी नाकारतं त्याला, वेदना असतेच असं नाही, हे मला माहीत नव्हतं. तपासणीत क्रिएटिनिन १.९, लेव्हल ३.८. तेव्हा ती आठ ते दहा हवी होती. बायोप्सी केली. किडनी पोटाच्या कातडीखालीच असल्यामुळे सोनोग्राफीत बघून सुई घालतात. कट् असा स्टेपलरसारखा आवाज येतो आणि शेवईएवढा तुकडा बाहेर येतो. मग पोटावर वाळूची पिशवी ठेवून उताणं पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्क्रीनवर चित्र दाखवलं. किडनीतल्या सूक्ष्म नळ्या गुलाबी, आणि त्यांच्या भिंतींत घुसलेले गडद जांभळे ठिपके. ते माझेच लिम्फोसाइट. स्वतःच्या शरीराचा असा कामसूपणा बघायला मिळणं विचित्र असतं. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस दिले. क्रिएटिनिन १.३ वर आलं, १.२ व्हायला दोन महिने गेले.

दुसऱ्यांदा तिसऱ्या वर्षी. खोकला झाला म्हणून गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. एरवी साधं औषध, पण यकृतातलं जे विकर टॅक्रो मोडतं त्यालाच ते अडवतं. गोळ्या मी नेहमीइतक्याच घेत होतो, पण शरीर त्या संपवतच नव्हतं. चौथ्या दिवशी मस्टरवरची माझी सही चौकटीबाहेर गेली. हात थरथरत होता. शेजारचे पाटील म्हणाले, "सही तुमचीच ना?" पुण्याला पळालो. लेव्हल १९.४, क्रिएटिनिन २.०. मी रिजेक्शन समजून घाबरलो होतो, प्रत्यक्षात ते औषधच किडनीला बाधत होतं. टॅक्रो जास्त झालं तर किडनीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे जे तिला वाचवतं तेच तिला बाधतं, आणि क्रिएटिनिन नुसतं पाहून यातलं काय चाललंय हे सांगता येत नाही. पुढचे डोस थांबवले, अँटिबायोटिक बदललं, आठवड्यात आकडे जागेवर आले.

तेव्हापासून पाकिटात एक चिठ्ठी असते. त्यावर माझ्या गोळ्यांची नावं, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात: वेदनाशामक नाही, जिवंत जंतूंची लस नाही, बुरशीवरची आणि टीबीची औषधं विचारल्याशिवाय नाही. टीबीवरचं रिफाम्पिसिन तर उलट टोकाचं. ते टॅक्रो इतक्या भराभर मोडायला लावतं की लेव्हल जवळपास तळाला जाते. चिठ्ठीत शेवटचा शब्द माझ्या अक्षरात आहे, पपनस. त्यातही विकर अडवणारे घटक असतात. सासुरवाडी कुडाळची, गणपतीत दरवर्षी तिकडून पपनसं येतात, म्हणून तो शब्द घालावा लागला.

तुमच्या घरी किंवा शेजारी असा कुणी असेल, तर साध्या ताप-खोकल्याच्या चिठ्ठीचाही फोटो आधी त्याच्या किडनीच्या डॉक्टरांना पाठवा, मग मेडिकलमध्ये जा. पपनसं आमच्याकडे खुशाल पाठवा. एका किडनीवर आईचं उत्तम चाललंय, आणि ती खाते.