धातूची चष्म्याची चौकट : घडवावी कशी?

चष्मा म्हटला की आपले सारे लक्ष भिंगाकडे जाते. चौकट ही नुसती शोभेची वस्तू, अशी पुष्कळांची समजूत आहे. आम्हांस ती पटत नाही. वजा ६ नंबरचे भिंग बुबुळासमोरून अवघे ३ मिलिमीटर सरकले, तर ते लोलकासारखे वागू लागते आणि १ मीटरवरची वस्तू सुमारे १.८ सेंटिमीटर सरकलेली दिसते. दोन्ही डोळ्यांना ती वेगवेगळ्या दिशांनी सरकलेली दिसू लागली म्हणजे कपाळ दुखते, आणि दोष मात्र डॉक्टरांनी काढलेल्या नंबरावर जातो!

म्हणून स्वतः चौकट करू पाहणाऱ्याने हत्यारापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी. दोन बुबुळांतील अंतर प्रौढांत बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटर असते. समजा, ते ६४ आहे. मग ४४ मिलिमीटर व्यासाची गोल भिंगे आणि मध्ये २० मिलिमीटरचा पूल धरला, की भिंगांचे मध्य बुबुळांसमोर येतात. भिंगाभोवतीच्या तारेची लांबी परिघाइतकी, म्हणजे सुमारे १३८ मिलिमीटर. हे सारे कागदावर खऱ्या मापात काढावे. नाक दोन्ही बाजूंनी सारखे असेल असे गृहीत धरू नये. फारच थोड्यांचे तसे असते.

आता धातू. आपल्या जिल्ह्यात हुपरीसारखे चांदीकामाचे गाव असताना चांदीचीच चौकट का करू नये, असे कोणी विचारील. चांदी दिसते सुरेख, पण ती मऊ. तिच्या काड्या थोड्याच दिवसांत फाकतात. चौकटीला लवचीकपणा हवा, वाकवून सोडली की पूर्ववत् होणारी तार हवी. त्यासाठी जर्मन सिल्व्हर बरे. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. मात्र घामाने निकेल अंगावर उतरून काहींना खाज सुटते. त्यांनी टायटेनियम घ्यावे म्हणावे, तर ते उघड्या ज्योतीवर जोडता येत नाही. तापले की हवेतील प्राणवायू शोषून ठिसूळ होते.

भिंग बसण्यासाठी आतून खाच असलेली तार घ्यावी. ती गोल दांड्यावर वळवून टोके कानाच्या बाजूस आणावी आणि तेथे दुभंगलेला छोटा ठोकळा जोडावा. त्यातील स्क्रू आवळला की तार भिंगाला धरते. पूल व बिजागऱ्या जोडताना टाकणखार लावून चांदीचा डाग देतात. येथे सोनाराचा हात हवा. तार वाकवताना, ठोकताना कडक होते आणि लाल तापली की पुन्हा मऊ पडते. म्हणून ज्योत सांध्यापुरतीच ठेवावी. काड्या जोडकामानंतर हलके ठोकून घ्याव्यात, म्हणजे गेलेला ताठपणा परत येतो. मुलामा, झिलई वगैरे सोपस्कार ज्याच्या त्याच्या हौसेप्रमाणे.

हा खटाटोप निव्वळ छंद नव्हे. जर्मनीतील एर्लांगेनचे गणित-पदार्थविज्ञानाचे शिक्षक मार्टिन आउफमुट यांनी २०१२ साली 'एक डॉलरचा चष्मा' ही संस्था काढली. पोलादी स्प्रिंगची तार हाताने वाकवण्याचे त्यांचे यंत्र एका लहान लाकडी पेटीत मावते. वीज लागत नाही, आणि तयार भिंगे चौकटीत नुसती दाबून बसवतात. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचे चष्मे देऊन झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात चष्मा मिळालेल्यांच्या कामाचे प्रमाण, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढलेले आढळले. पैंजणाचे बारीक सांधे जुळवणाऱ्या कारागिराला चाळिशी लागली म्हणजे त्याची रोजी कशी घटत असेल, हे यावरून ताडावे. वारणानगरला १९८३ सालापासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तार वाकवण्याची अशी पेटी तेथील विद्यार्थ्यांनी करून पाहावी, असे आम्हांस वाटते.

शेवटचे काम तोंडासमोर बसून करावयाचे. भिंगांची खालची कड गालाकडे किंचित झुकवावी, ८ ते १२ अंश पुरे. काडीचा वाक कानाच्या माथ्यावरच यावा. तो पुढे आला तर कान दुखतो, मागे गेला तर चष्मा नाकावरून घसरतो.