हिरवळीतील तण : बाटली देण्यापूर्वी विचारा

सातारा-सांगलीकडे बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी 'गवत मारायचे औषध' मागणारे गिऱ्हाईक आले, तर आधी विचारावे : कोणते गवत? उसात तण ठरणारी हरळी इथे पीक असते. ग्लायफोसेट दिले तर तणाबरोबर तीही जळते.

गाजरगवतासारख्या रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी चालते. ते वाढीच्या संप्रेरकासारखे वागते. तण वेडेवाकडे वाढून मरते, हरळी तगते. लव्हाळा मात्र गवतासारखा दिसला तरी गवत नव्हे. देठ बोटांत फिरवा, तिधारी लागेल. त्यावर उसात वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल उपयोगी पडते. तण चार-सहाच असेल तर खुरपे पुरे, असे आम्ही गिऱ्हाइकालाही सांगू. एक विक्री जाईल, गिऱ्हाईक राहील.

खरा धोका पंपाचा आहे. तासगाव, मिरज भागात द्राक्षबागा आहेत आणि द्राक्षवेलीला टू-फोर-डीचा वाऱ्याने उडालेला अंशही सोसत नाही. नुसत्या पाण्याने विसळलेला पंपही बागेत नेऊ नये. पंप भाड्याने देणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या बांधवांनी तणनाशकाचा पंप वेगळा ठेवून त्यावर लाल रंगाची ठळक खूण करावी. विक्रीला 1968 च्या कीटकनाशक कायद्याचा परवाना लागतो, तोही तपासून घ्यावा.